चुकीच्या टँकरवरची अक्षरं

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी वर्षभरही टिकले नाही. पट्ट्यावरून एकसारखे खोके पुढं सरकायचे आणि आपण शिक्का मारायचा, एवढंच काम. तासाभरात माझे पाय टेबलाखाली नाचायला लागायचे. पुढं पुढं तर शिक्का राहून जायचा आणि खोक्यावर मी मार्करनं 'क्ष' काढत बसलेली असायचे, दहा तऱ्हांनी. सुपरवायझरनं दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा घरी पाठवलं.

आईचं लहानपण मेंढरांमागं उन्हात गेलेलं. "पंखा व्हता, बसायला खुर्ची व्हती. अजून काय पायजे?" ती म्हणाली.

"बसणंच जमत नाय गं."

मग मी पाट्या रंगवायला लागले. पुंडलिकनगरच्या बाजूला रोज एखादं नवं दुकान उघडत होतं. शिडीवर चढायचं, उतरायचं, लांबून बघायचं, परत चढायचं. एका पाटीचा रंग वाळेपर्यंत दुसरी, तिचा कंटाळा आला की तिसरी. मला हे मानवलं. अर्धवट कामं मात्र मागं पडत गेली. एका शटरवर महिनाभर नुसतंच 'लेडीज टे' होतं.

त्या सालांत पाऊस लागोपाठ रुसला होता. गावं टँकरवर जगत होती आणि शहरात मात्र इमारतीवर इमारत चढत होती. टँकरच्या एका मालकानं मला बोलावलं. "ताई, दोन गाड्या हायेत. निळीवर 'पिण्याचे पाणी' लिहा. हिरवी बांधकामाची, तिच्यावर 'पिऊ नये'. दुपारी निघायच्यात."

मी नेहमीसारखी दोन्हींवर एकदम भिडले. इकडं दोन अक्षरं, तिकडं दोन. हात झरझर चालत होता, मजा येत होती. काम संपवून मी निघाले. कोपऱ्यावर चहाचा कप तोंडाला लावला आणि डोळ्यांसमोर हिरवा पत्रा आला. त्यावर माझ्याच वळणाची अक्षरं: पिण्याचे पाणी.

मालक फोन उचलेना. धावत परत गेले, तर हिरवी गाडी निघून गेलेली. तिथल्या पोराकडून पत्ता घेऊन रिक्षा केली. बांधकामाशेजारी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. टँकर उभा आणि बायांच्या हंड्यांची रांग लागलेली.

"पिऊ नका! ते पाणी पिऊ नका!" मी रिक्षातूनच ओरडले.

"लिवलंय की पिण्याचं," एक बाई म्हणाली.

"मीच लिहिलंय. चुकलं माझं."

सगळ्याजणी थांबल्या. एका म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लिवताना कुठं व्हतीस बाई?"

कुणी प्यायलंय का, ते मी विचारत सुटले. एका बाईनं घोट-दोन घोट पाणी घेतलं होतं. पुढचे तीन दिवस मी रोज सकाळी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तीच हसून म्हणाली, "जा आता, बरी हाय मी."

मालकानं मात्र चूक झाली त्याच दिवशी समोर उभं राहून दोन्ही गाड्यांवरची अक्षरं बदलून घेतली होती. "लक्ष लागत नाय तर हे काम करता कशाला?" पहिलीच्या बाईंपासून हेच ऐकत आले होते. या वेळी मात्र ते आत जाऊन बसलं. कित्येक दिवस मी ब्रश हातात घेतला नाही. घरभर नुसत्या येरझाऱ्या. शेवटी आईच म्हणाली, "चल, डॉक्टरला दाखवू."

मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या लहानपणाबद्दल आईला विचारलं. "पाण्याला जायची अन् हंडा हिरीवरच इसरून यायची," आई म्हणाली. मॅडम हसल्या नाहीत. बऱ्याच प्रश्नांनंतर, दोन-तीन भेटींनंतर त्यांनी नाव सांगितलं: एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणं. "हा आळस नाही. काम बदलू नका, कामाची रीत बदला."

बाहेर येऊन मी रडले. हलकं वाटलं आणि रागही आला, इतकी वर्षं खाल्लेल्या बोलण्यांचा.

गोळ्या सुरू झाल्या. रीत मात्र आईतच सापडली. ती प्रौढांच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकली होती. बोट ठेवून एकेक अक्षर सावकाश वाचायची. मी तिला कामावर घेऊन जाऊ लागले. गिऱ्हाइकानं दिलेला कागद तिच्या हातात. तिनं कागद आणि पाटी दोन्ही वाचल्याशिवाय मी शिडी उचलायची नाही.

टँकरमालकाकडं परत गेले, तेव्हा तो आईकडं बघत म्हणाला, "ह्या कशाला?"

"वाचायला," आई म्हणाली.

त्यानं रंगवायच्या गाडीकडं हात केला.

आता मी शाळांच्या भिंती रंगवते. एका वेळी तीन गावं धरते. एकाच भिंतीपाशी आठवडा काढणं आजही मला जमत नाही. परवा अजिंठ्याजवळच्या शाळेत अर्धा हत्ती सोडून मी ओढ्याकाठच्या मातीचा रंग बघायला गेले. परतले तेव्हा हेडमास्तर काळजीनं विचारत होते, "ताई काम सोडून गेल्या की काय?"

"नाय," आई सांगत होती, "तिचं कामच चालूय."

मी मूठभर लाल माती घेऊन उभी होते. हत्तीच्या पायाखाली तीच लावायची होती.