अरबी वंशाचा दाखला

सौदीतल्या अल खर्जच्या एका डेअरीत दुधाच्या टाक्या थंड ठेवणं हे नसरुद्दीनचं बावीस वर्षांचं काम. मूळचा श्रीवर्धनचा, आयटीआय झालेला, आता कूलिंग प्लँटचा फोरमन. दर शुक्रवारी चिपळूणचा विजय वेल्डर त्याच्याकडे जेवायला यायचा आणि भात संपेपर्यंत आरक्षणावर वाद चालायचा. नसरुद्दीनचं मत ठाम होतं.

"कॉलेजात जात बघायची नाही, धर्म बघायचा नाही. मार्क बघायचे, खलास!"

"आणि तुझ्या हाताखाली शिकलेला गोरा चार महिन्यांत तुझाच साहेब झाला, तो मार्कांवर काय?" विजय विचारायचा.

"ती कंपनीची पॉलिसी आहे," असं म्हणून नसरुद्दीन त्याच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढायचा.

मग मुलगी अरवा बारावीला गेली. तिला जीवशास्त्र शिकायला अमेरिकेला जायचं होतं. पुण्याचा सल्लागार जयदीप फोनवर तिचे मार्क ऐकून म्हणाला, "एवढे मार्क आपल्याकडच्या सगळ्याच मुलांना असतात. वंश बघून प्रवेश द्यायला तिथल्या कोर्टानं बंदी घातलीय. पण वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं, ते निबंधात लिहिलं तर चालतं. तुमच्याकडे वेगळं असं काही आहे का?"

नसरुद्दीनकडे होतं. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की पूर्वज अरबस्तानातून गलबतानं कोकणात उतरले.

"आपण मूळचे अरब," त्यानं जेवताना जाहीर केलं. "निबंधात तेच लिही."

"अब्बा, प्लीज! इथले अरब आपल्याला 'हिंदी', म्हणजे इंडियनच म्हणतात."

"आणि ते मार्कांचं काय झालं?" बायको शरफुन्निसानं विचारलं.

"मार्क आहेतच की. हे वरून."

मुलगी ऐकेना, तेव्हा त्यानं पुरावाच आणायचं ठरवलं. अरबाला ओळखणार तो अरबच. इस्त्री केलेला शर्ट घालून तो डेअरीचा सौदी मॅनेजर अबू फहदच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पाहुणे होते. तेवढ्यात एक डच डॉक्टर आला, टकटक न करता आत गेला आणि गायी तपासायच्या गोष्टी करत बसला. नसरुद्दीन उभाच.

शेवटी बोलावणं आलं. अबू फहद भला माणूस. त्यानं गहवा, म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर पुढे केला, सगळं नीट ऐकून घेतलं.

"कबिला कोणता?"

"ते माहीत नाही."

"पणज्याचा बाप कोण?"

तेही नसरुद्दीनला आठवेना.

अबू फहद हळहळला. "भावा, माझ्याकडे इथल्या एकेका गायीच्या सात पिढ्यांचा कागद आहे. तुझा मी कुठून आणू?" पण रिकाम्या हातानं पाठवणं त्याला बरं वाटेना. त्यानं कंपनीच्या कागदावर पत्र टाईप करवून घेतलं, शिक्का मारला. नसरुद्दीननं ते अरबीतलं पत्र घरी येऊन अरवाकडून वाचून घेतलं. 'नसरुद्दीन, राष्ट्रीयत्व हिंदी, बावीस वर्षं सेवेत, वर्तणूक उत्तम.'

शरफुन्निसा हसून हसून खाली बसली. अरवा मात्र हसली नाही. पत्र हातात धरून तिनं विचारलं, "तिथे काय काय झालं, सगळं सांगाल?"

आठवड्यानं तिनं निबंध लिहून त्याच्यापुढे ठेवला. त्यात पूर्वजांचं गलबत नव्हतं. मार्कांशिवाय काही बघू नये म्हणणारा एक माणूस होता. सोबत तो शिकाऊ गोरा होता, डच डॉक्टर होता, गायींचे कागद होते. नसरुद्दीननं इंग्रजी शब्दकोश घेऊन तो दोनदा वाचला. विजयला त्यानं त्या शुक्रवारी जेवायला बोलावलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो अरवाच्या टेबलापाशी आला.

"यात मी दारात अर्धा तास उभा होतो असं लिहिलंयस."

"हो."

"दीड तास उभा होतो. खरं आहे ते लिही."

तिनं आकडा बदलला.

मार्चमध्ये तीन विद्यापीठांनी नकार दिला, ओहायोमधल्या एकानं प्रवेश दिला. तो मार्कांमुळे की निबंधामुळे, हे विचारायला नसरुद्दीननं जयदीपला फोन केला. जयदीप म्हणाला, ते कुणालाच कळवत नाहीत. ऑगस्टमध्ये रियाधच्या विमानतळावर अरवानं त्याला मिठी मारली. तिची बॅग पट्ट्यावरून आत गेली तरी तो बराच वेळ त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत होता.