डिकीतल्या पुऱ्या आणि माझं वेळापत्रक

मंडळी, तासाभरापूर्वी नाशिकला परतलो. थीम पार्कमधली एकूण एक राईड झाली. माझं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं ना!

सकाळी गेटवर मात्र आमचा डबा अडवला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. मग पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडली आणि सगळे सासूबाईंच्या पुरी-भाजीवर तुटून पडलो.

लेक सई पुढच्या आठवड्यात पुण्याला हॉस्टेलवर चाललीय. हल्ली घरात तिचं डोकं सतत मोबाईलमध्ये. पण तिथे डिकीत पाय हलवत बसली आणि पुरी खाता खाता म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं..."

मी घड्याळ पाहिलं. "आत गेल्यावर सांग गं, आधी रांगेत उभं राहू!"

आत कसलं बोलणं? एका राईडवरून उतरलो की दुसरीकडे पळ.

परतताना कसारा घाटात विचारलं, "काय सांगत होतीस?"

"काही नाही गं. विसरले." आणि इअरफोन कानात.

ती विसरलेली नाही, मला माहितेय.

उद्या परत पुऱ्या करणारेय. कुठेच जायचं नाही. बिल्डिंगखाली गाडीची डिकी उघडून नुसती बसणारेय. येईल ना हो ती?