गजराच्या चरवीतले दोन ठोके

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. कुणी भुताची गोष्ट काढली की मी आधी विचारतो, ठिकाण कुठलं, आणि तिथं जायला रस्ता कुठून... यामुळं नातेवाइकांनी मला असल्या गोष्टी सांगणं कधीच सोडून दिलंय. आता मीच एक सांगायला बसलोय, तेव्हा त्यांनी हसून घ्यावं. माझी हरकत नाही.

तर पन्नाशी जवळ आल्यावर माणसं गुडघ्यांचं तेल आणतात, मी सिक्वेन्सर आणला. डब्यासारखं यंत्र, त्यावर सोळा घरं. ज्या घरात जो आवाज ठेवाल तो त्या घरावर दिवा आला की वाजतो, आणि सोळा संपली की पुन्हा पहिल्यापासून. सोबत एक छोटा रेकॉर्डरही घेतला. मग बाहेर जाऊन आवाज गोळा करायचे – एसटीचं दार, उसाच्या रसाचा चरक, चप्पल ठोकणाऱ्याची हातोडी – आणि घरी आणून त्यांचं संगीत करायचं. संगीत हा माझा शब्द. आमची सौ., सुनंदा, त्या यंत्राला चकलीचा सोऱ्या म्हणते. 'आत काय बी घाला, बाहेर वेडंवाकडंच येतंय.'

आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून तिथंच दुधाचा पेला हातात देतात. माझे चुलतभाऊ तात्या गंगावेशीच्या कट्ट्यावर आयुष्यभर धार काढत आले. उन्हाळ्यात ते गेले. अचानक, छातीत कळ येऊन. माझं यंत्र आणि रेकॉर्डर दोन्ही त्यानंतर आली, सीलबंद खोक्यातून. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तात्यांच्या मागं शांतावहिनी राहिल्या आणि गजरा. गजरा म्हणजे त्यांची म्हैस. तिचं रेडकू आधीच दगावलेलं, त्यामुळं ती फक्त तात्यांच्या हाताला पान्हा सोडायची. ते गेले आणि गजरानं दूध चोरलं, कासेतच आखडून धरलं. वहिनींनी तात्यांचा सदरा अंगात घालून बघितला, पेंड बदलली, डॉक्टर आणले. डॉक्टर म्हणाले, म्हैस ठणठणीत आहे. रोज जेमतेम पेलाभर निघायचं. असंच राहिलं तर आटणार हे उघड होतं. पेठ वडगावचा एक व्यापारी फेऱ्या मारायला लागला. वहिनींना म्हैस द्यायची नव्हती. 'त्यांच्या हातची हाय ती,' एवढंच म्हणायच्या. पण दूध न देणारी म्हैस दारात बांधून त्यांनी खायचं काय? शेवटी त्यांनी व्यापाऱ्याला शब्द दिला. सोमवारी घेऊन जा म्हणाल्या.

आणि त्या आठवड्यात मी काय केलं? कट्ट्यावर रेकॉर्डर घेऊन गेलो. चरवी रिकामी असते तेव्हा धार कशी टणटणते आणि भरत आली की आवाज कसा फेसाळ, जाड होतो, तो मला हवा होता. शेजारच्या गवळ्यांच्या म्हशींच्या धारा मी भरून घेतल्या. पलीकडं गजरा मान खाली घालून उभी, आणि वहिनी कोरडी चरवी मांडीवर घेऊन बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडं आवाजबी न्हाय आता."

रविवारी दुपारी मी घरी ते आवाज सोळा घरांत बसवत होतो. सुनंदा समोर मेथी निवडत होती. पाचवं आणि सहावं घर मी मुद्दाम मोकळं ठेवलं होतं, दम घ्यायला. यंत्र सुरू केलं... धार, धार, धार, धार – टिक्, टिक् – धार...

मोकळ्या घरांत आवाज. मला वाटलं, नेहमीप्रमाणं माझंच काहीतरी चुकलं. एकेक करत सगळ्या धारा काढून टाकल्या. सगळी घरं रिकामी. तरी दिवा फिरून तिथं आला की टिक्, टिक्. धातूवर धातू. फार सावकाश, समजुतीनं वाजवल्यासारखं.

सुनंदाचे हात थांबले.

"हा तात्यांचा हात हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, यंत्रात बिघाड असेल. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षं कट्ट्यावर दूध आणायला तीच जायची. धारेला बसण्याआधी तात्या बोटातली अंगठी चरवीच्या काठावर दोनदा वाजवायचे, मग म्हशीच्या पाठीवर हात, मग धार. इतकं रोजचं, की कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मी तिथं लहानपणापासून दूध पीत आलो, वर आवाजांचा अभ्यासक... मला ते ठोके कधी ऐकूच आले नव्हते.

संध्याकाळी यंत्र, पॉवर बँक आणि छोटा स्पीकर पिशवीत घालून आम्ही कट्ट्यावर गेलो. आधी सुनंदानं किल्लीनं चरवी वाजवून बघितली. गजरानं एक कान हलवला, बस्स. मग मी यंत्र मांडलं. शेजारचा गवळी म्हणाला, "काय सर, म्हशीला डीजे लावतायसा व्हय?" कट्टा हसला. मी स्पीकरची वायर जोडली आणि बटण दाबलं.

टिक्, टिक्.

गजरानं मान वर केली. मागं वळून बघितलं – यंत्राकडं नव्हे, तिच्या उजव्या अंगाला तात्या बसायचे त्या जागेकडं. तिथं कुणी नव्हतं. वहिनी उठल्या आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. काही क्षण नुसतंच टिक्, टिक्. मग चरवीचा तळ टणटणला. एकदा, पुन्हा, मग लागोपाठ. चरवीवर फेस आला तेव्हा मी भानावर येऊन बटणाकडं हात नेला.

"भावजी, ते बंद करू नगासा," वहिनी म्हणाल्या.

मग मान न वळवता, हळूच, "किती उशीर केलासा..." हे मला नव्हतं.

सोमवारी व्यापारी आला आणि चहा पिऊन गेला. अंगठी वहिनींच्या कपाटातच होती. सैल पडते म्हणून दोरा गुंडाळून त्यांनी ती अंगठ्यात घातली. आता त्याच दोन ठोके देतात आणि गजरा त्यांना पान्हा सोडते.

माझ्या यंत्रातले ठोके मात्र त्याच संध्याकाळी थांबले. पुन्हा लावून बघितलं, पाचवं-सहावं घर मुकं. कट्ट्यावरचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं, त्यात धारांशिवाय काही नाही. पुण्याचा इंजिनिअर भाचा म्हणतो, मेमरीत काहीतरी भेसळ झाली असेल, मामा. असेल. पण तात्यांच्या अंगठीची भेसळ? त्यांच्या मागं आणलेल्या यंत्रात? तो म्हणतो, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारत नाही.

परवा नवीन चाल बांधत होतो. सुनंदा चहा ठेवायला आली, सोऱ्याकडं बघत जरा थांबली आणि जाता जाता म्हणाली,

"ती दोन घरं तेवढी रिकामी ठेवा हं."

ठेवली आहेत.