चिंचेचं माहेर

दवनीवाड्याकडच्या एका गावात जमुनाबाई सून होऊन आल्या, त्या वर्षी घरामागच्या बाडीत त्यांनी आंब्याची कोय लावली. झाड वाढलं, फळाला आलं, पण घरात कोणी त्याचा आंबा तोंडाला लावेना. आंब्याचं लग्न झाल्याशिवाय लावणाऱ्यानं त्याचं फळ खायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून शेजारच्या रूपलाल पटलेंच्या चिंचेला मागणी घातली. कुंपणाच्या अलीकडे आंबा, पलीकडे चिंच. दोघांना हळद लागली, मधे सूत गुंडाळलं, गाव जेवलं. त्या दिवसापासून रूपलाल त्यांचे इवाई, म्हणजे व्याही, आणि त्या रूपलालच्या इहीनबाई. नातं थट्टेत सुरू झालं. थट्टा त्यातून कधी निघून गेली, ते दोन्ही घरांना कळलं नाही. दर दिवाळीला जमुनाबाई नवं लुगडं घेऊन चिंचेपाशी जात, बुंध्याला लावून परत आणत, आणि मगच ते नेसत.

पुढे त्यांना नात झाली त्या उन्हाळ्यात चिंचेची एक जाड फांदी त्यांच्या छपराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, टेकायला आली होती. बरोबर तिच्याखाली सून चंद्रावती तान्हीला घेऊन निजायची. वैशाखातल्या वावटळीनंतर फांदीच्या बेचक्यात चीर दिसली, हात जाईल एवढी. दुसरी खोली धानानं आढ्यापर्यंत भरलेली. बाळंतिणीला हलवायचं तरी कुठं?

जमुनाबाई कुंपणाशी गेल्या. "इवाई, तेवढी फांदी तोडून टाका ना. पोरीवर पडन."

रूपलाल दोर वळत होते. "मी कायले तोडू? पोरगी तुमाले देल्ली. तिचं दुखलं-खुपलं आता तुमी पाहा."

"देल्ली, तं चिंचा दरसाल तुमीच काऊन झोडता?"

"माहेरी उभी हाये ना ती! आईबापाले काही पावन का नाही?" रूपलाल हसले, पण लगेच त्यांचा आवाज उतरला. "इहीनबाई, देल्लेल्या पोरीवर मी कुऱ्हाड नाही उचलत. तुमी तोडा. मी आडवा येत नाही."

जमुनाबाईंचा नवरा सेवकराम मात्र कुऱ्हाडीला हात लावेना. घराच्या बाडीतलं फळ राहणाऱ्याचं आणि लाकूड मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, असा गावचा कायदा. जिवंत झाड तोडायचं तर आधी विचारायला हवं. दोघं यादोराव मालगुजारांच्या ओसरीवर गेले.

"खोड कोणाच्या बाडीत हाये?" यादोरावांनी विचारलं.

"रूपलालच्या."

"मंग त्यानं मागावं. त्याच्या बाडीतल्या झाडाची परवानगी तुमाले कशी देऊ?"

"पण ते म्हणतात झाड आमचं."

"हाये का तुमचं?"

हो म्हणावं की नाही, ते जमुनाबाईंना ठरवता येईना. यादोराव आत निघून गेले.

परत येताना त्या घडीघडी थांबत होत्या. मूळ रूपलालचं, चिंचा रूपलालच्या, लाकूड मालगुजाराचं. सून मात्र आपली. मग आपण नेमकं काय आणलं होतं घरात?

संध्याकाळी वारा सुटला. कवेलूंमधून माती गळून तान्हीच्या पांघरुणावर पडली. चंद्रावतीनं तिला पोटाशी ओढलं. "आत्याबाई, मले माहेरी धाडा. तिथं तरी झोप लागन."

तिचं माहेर तिरोड्याकडे. ओल्या बाळंतिणीला बैलगाडीचे धक्के सोसायचे नाहीत. जमुनाबाई तिला नको म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या. दुखणाईत सून माहेरी धाडतात, हे मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना.

सकाळी हळद-कुंकू, नारळ आणि खण घेऊन त्या रूपलालच्या बाडीत शिरल्या. चिंचेची ओटी भरली. "इवाई, तुमची पोरगी दुखण्यात हाये. माहेरी धाडून राहिली मी. बरी करा तिले."

"धाडता म्हणजे? ती तं माह्याच बाडीत उभी हाये!"

"कालपर्यंत सासरी होती. तुमीच म्हणले."

रूपलालची बायको सावित्रीबाई दारातून खदखदून हसली. "पोरगी आली न, पाणी तरी विचारा तिले!"

रूपलालनं एकदा चिंचेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग कुंपण ओलांडून जमुनाबाईंच्या बाजूला आले आणि मान वर करून उभे राहिले. चीर त्यांनी या अंगानं पाहिलीच नव्हती. "मोठी हाये वो," एवढंच ते म्हणाले आणि पागोटं बांधून यादोरावांकडे गेले. बापानं मागितल्यावर मालगुजारांनी हो म्हटलं.

फांदी दोरानं बांधून सावकाश उतरवली. एक कवेलू फुटलं नाही. लाकूड गाडीत भरून मालगुजाराच्या घरी गेलं.

त्या दुपारी बाळंतिणीच्या खोलीत ऊन आलं. इतकी वर्षं तिथं ऊन कधी आलंच नव्हतं. चंद्रावतीनं खाट भिंतीकडे सरकवली आणि पोरीसकट गाढ झोपली. जमुनाबाई उंबऱ्यात बसून तो उन्हाचा पट्टा पाहत राहिल्या. आपण एकीला वाचवलं की दुसरीला टाकलं, हे त्यांना उमगत नव्हतं.

आषाढाच्या तोंडाशी रूपलाल कुंपणावरून म्हणाले, "इहीनबाई, पोरगी बरी झाली. नेता कधी?"

चिंचेच्या आणखी दोन फांद्या छपराकडे वळल्या होत्या. जमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"राहू द्या अजून," त्या म्हणाल्या. "पावसाळा तं निघू द्या."