फुलूचं पीठ

सिप्रोझाच्या हातच्या पिठाला सरोवराच्या ओबांडा किनाऱ्यावर तोड नव्हती. फुलू म्हणजे बोटाएवढे मासे, डोक्या-शेपटीसकट खायचे. ती ते वाळवून, भाजून, उखळात इतके बारीक कांडायची की चमचाभर पेजेत घातलं की बाळ वाटी चाटूनपुसून साफ करी. तिला लांबून पाहिलं तरी पोरं "दानी, दानी", म्हणजे आजी, आजी, करत धावायची, तळहात पुढे करायची, आणि ही आजी प्रत्येक तळहातावर चिमूटभर पीठ ठेवायची. गावातलं एकही पोर त्या चिमटीवाचून मोठं झालं नव्हतं.

तिचे मासे सगळ्यांच्या आधी वाळत. बाकीच्या बाया जुन्या जाळ्यांवर मासे पसरून दोन-दोन दिवस ढगांकडे बघत बसायच्या. हिचे दुपारपर्यंत कडकडीत. कारण तिच्या घरामागचा तो काळा तुकडा. उन्हात तव्यासारखा तापायचा आणि त्यावर गवताचं पातंही उगवत नव्हतं. का उगवत नव्हतं, हे विचारायची बुद्धी कुणाला झाली नाही. सिप्रोझाला विचारायची गरजच नव्हती.

तिचा नवरा ओवूर तिथेच काम करायचा. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं कढईत वितळवायचं आणि जाळी बुडावीत म्हणून लावतात त्या गोळ्या ओतायच्या. बॅटरीतल्या पट्ट्या तो लव्हाळ्यांआडच्या उथळ पाण्यात धुवायचा, राख मागे फेकून द्यायचा. असं बावीस वर्षं चाललं. शेवटी शेवटी त्याचे हात थरथरायचे, पोटात मुरडा यायचा, बायकोचं नावसुद्धा आठवायला वेळ लागायचा. मेला तेव्हा लोक म्हणाले, दारूनं गेला. सिप्रोझाही म्हणाली, दारूनंच. मेलेला माणूस काय, कुठलंही नाव चिकटवा, उठून भांडायला येत नाही.

तो गेल्यावर तिनं त्याच उथळ पाण्यात टोपल्या लावल्या. तिथं दुसरं कुणी मासे धरत नसे, त्यामुळे फुलू मुबलक.

मग किसुमू शहरातल्या कॉलेजातून अडेला नावाची मुलगी आली. मासे तपासायला हवेत, म्हणाली. पाण्यात शिसं पडलं की ते चिखलात बसतं, चिखलातलं गोगलगाईत जातं, त्यातून माशात, आणि मासा ते अंगात साठवून ठेवतो. मोठा मासा साफ करून तरी खातात, फुलू तर अख्खा पोटात जातो. मोठ्यांचं एक वेळ निभावतं, पण लहान मुलांच्या डोक्याची वाढ खुंटते. ती सरळ साधं बोलत होती, आणि सिप्रोझाला तिच्या प्रत्येक वाक्यात ओवूरचे थरथरणारे हात दिसत होते.

अडेलानं दोन पिशव्या भरल्या. एक सिप्रोझाच्या माशांची आणि एक शेजारणीच्या, तुर्फेनाच्या. तुर्फेना लव्हाळ्यांच्या पलीकडे, खुल्या पाण्यात मासे धरायची. दोन्ही पिशव्यांत नावाच्या चिठ्ठ्या टाकून अडेला हात धुवायला गेली. तेवढ्यात सिप्रोझानं चिठ्ठ्या बदलल्या. पदराला हात पुसावेत इतकाच वेळ लागला. तिनं स्वतःला सांगितलं, पिशव्या किसुमूला जातील, तिथं कोण कुठली तुर्फेना आणि कोण सिप्रोझा!

तीन महिन्यांनी अडेला परत आली. दोघींना वेगवेगळं बाजूला घेऊन तिनं निकाल सांगितला. कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून बिचारीनं फार काळजी घेतली. पण तुर्फेना पडली सरळ बाई. त्याच रविवारी ती प्रार्थनेनंतर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बायांनो, माझ्या माशांत शिसं निघालंय. कुठून आलं, देवाला ठाऊक. माझ्याकडून घेऊ नका. इतकी वर्षं तुमच्या लेकरांना खाऊ घातलं, मला माफ करा."

मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "तरीच तिचे इतके स्वस्त!" सिप्रोझा मान खाली घालून बसून राहिली. लोकांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडतेय.

तुर्फेनानं सगळे मासे खड्डा करून पुरले आणि टोपल्या जाळल्या. सिप्रोझाच्या दारात मात्र रांग लागली. तपासून निघालेलं पीठ, शहरातल्या मुलीनं पास केलेलं! जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. इथं जन तर कौतुक करत होते. लाज वाहायला एकटं मन उरलं होतं, आणि ते वाकलं होतं.

एका सकाळी रांगेत तुर्फेना उभी दिसली. इथं सुनेला माहेरच्या मुलखावरून हाक मारतात, तशी ती म्हणाली, "न्यार-असेम्बो, दोन डबे दे गं. नातीला, अकोथला, दात येतायत, काही खात नाही. आता तुझ्यावरच भिस्त."

सिप्रोझानं दिले. हो, दिले. हात थांबला नाही, जीभ उचलली नाही. वर "चांगलं कोमट करून दे हं" असंही म्हणाली. हे आठवून पुढे तिला स्वतःचीच किळस यायची.

तिसऱ्या दिवशी ती तुर्फेनाच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आत तुर्फेना अकोथला मांडीवर घेऊन पेज भरवत होती.

"ये की, न्यार-असेम्बो. बघ, तिसरी वाटी!"

"थांबव," सिप्रोझा म्हणाली. "तो चमचा खाली ठेव."

"का गं? गरम आहे?"

"चिठ्ठ्या मी बदलल्या. ती पिशवी माझी होती. शिसं माझ्या माशांत आहे, न्यार-उगेन्या. तुझे चांगले होते."

तुर्फेनानं चमचा ठेवला. पोरीचं तोंड पदरानं पुसलं, मग ओठ उघडून बोटानं आतूनही पुसलं. भांडेल, झिंज्या धरेल, असं सिप्रोझाला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"एक सांग," तुर्फेना म्हणाली. "नैरोबीच्या तुझ्या नातवाला फुलू पाठवायचीस, ते दरवेळी माझ्याकडून घ्यायचीस. मी म्हणायचे, घरचे असताना कशाला? तू म्हणायचीस, तुझे गोड लागतात."

सिप्रोझाला खोटं बोलता आलं असतं. सवय होतीच.

"हो," ती म्हणाली.

"म्हणजे अडेला यायच्या आधीपासून तुला माहीत होतं."

आपल्याला माहीत आहे, हे सिप्रोझानं आजवर स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

तुर्फेना उठली. अकोथला पाठीवर बांधलं आणि पिठाचे दोन्ही डबे सिप्रोझाच्या हातात कोंबले. "चल. घरोघर जाऊन डबे परत घ्यायचे आणि दारात उभं राहून का ते सांगायचं. मी येते बरोबर."

"तू कशाला? मी जाते एकटी."

"एकटी गेलीस तर पिठाला कीड लागली म्हणून सांगशील. तुला ओळखत नाही होय मी? आजच ओळखलं."

पहिलं घर वाटेवरच होतं. अंगणात दोन वर्षांची पोर मातीत बसली होती. तिची आई आतून हात पुसत येतच होती. सिप्रोझानं तोंड उघडलं, पण त्याआधी पोरीनं तिला पाहिलं होतं. "दानी!" म्हणत ती दुडूदुडू धावत आली आणि सवयीनं तळहात पुढे करून उभी राहिली.

सिप्रोझाच्या काखेत दोन्ही डबे होते. पोर हात खाली घेत नव्हती.