आईचा मान

जामबागेतल्या एका बोळात, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कुसुमताईंची मराठी बालवाडी भरते. पूर्वी साठ लेकरं असायची, आता जेमतेम चौदा. हैदराबादेत मूल मराठी बालवाडीत घालणं म्हणजे लोकांना खुळेपणाच वाटतो. कुसुमताई तरी हटल्या नाहीत. तोंडाने फटकळ, पालकांना चारचौघांत सुनावणाऱ्या. पण नवीन माणसाला दारात उभं ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

इतर ठिकाणी आईला फाटकावर थांबवतात आणि रडतं पोर आत ओढून नेतात. ताईंना त्याचा मनस्वी संताप. त्यांच्याकडे पहिल्या दिवशी आई आत येऊन सतरंजीवर बसायची. त्रिवेणी, त्यांच्या हाताखालची बाई, प्रत्येक आईला हळदीकुंकू लावायची, हातावर साखर ठेवायची. पोरं टकामका बघत राहायची. "आईला मान मिळालेला लेकरानं बघितला की ते आपोआप रुळतं," असं ताई म्हणत, आणि तीस वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं. त्या स्वतः मात्र मागे भिंतीशी उभ्या राहत. यजमान एकनाथराव सिकंदराबादला रेल्वेत होते; ते गेल्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून ताईंच्या कपाळाला कुंकू लागलं नव्हतं. लावू नका असं कुणी म्हणालं नव्हतं. लावा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

यंदा जूनमध्ये माधवी आली. नांदेडकडची, गौलीगुड्यात भाड्याच्या खोलीत राहणारी, कोठी भागातल्या कपड्याच्या दुकानात नुकतीच लागलेली. बोटाला धरून साडेतीन वर्षांची प्रियदर्शिनी. दुकानात लेकरू चालणार नव्हतं. पोरगी बालवाडीत रुळली तर मायलेकी एकत्र राहणार, नाहीतर तिला गावी आजीकडे ठेवावं लागणार. माधवीने हे फॉर्म भरतानाच सांगून टाकलं. फॉर्मवर वडिलांच्या जागी लिहिलं होतं, 'कालकथित अमरदीप'. त्या एका शब्दावरून ताईंना घर बौद्ध आहे हेही कळलं आणि नवरा वारलेला आहे हेही. एवढ्या कोवळ्या वयात!

माधवी गेल्यावर त्यांनी त्रिवेणीला जवळ बोलावलं.

"उद्या तिच्यापुढे कुंकू नेऊ नकोस. सगळ्यांदेखत बिचारीला नको म्हणावं लागेल. साखर तेवढी दे."

"हौ ताई," त्रिवेणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच नव्या आया सतरंजीवर ओळीने बसल्या. त्रिवेणीने चौघींना कुंकू लावलं. माधवी पाचवी. कपाळावर बारीक लाल टिकली होती, आणि त्रिवेणी समोर येताच तिने मान थोडी पुढे केली. त्रिवेणी तिच्या हातावर नुसती साखर ठेवून उठली. चौघीजणी बघत होत्या.

"माझ्या आईला?" प्रियदर्शिनी मोठ्याने म्हणाली.

त्रिवेणी ताईंकडे बघायला लागली. ताई गडबडीने म्हणाल्या, "तिला साखर दिली की गं, बाळा!"

पोरीने आईचा पदर दोन्ही हातांनी धरला तो शाळा सुटेपर्यंत सोडला नाही. गाणं झालं, खाऊ झाला, ती जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या नाहीत, त्यानंतरही नाही.

"त्या माधवीअम्मा फोनच उठवत नाहीत," आठवड्याने त्रिवेणी म्हणाली. "लई परेशान होतंय ताई."

रविवारी ताई स्वतः गौलीगुड्याला गेल्या. तिसरा मजला चढताना गुडघे बोलायला लागले. खोली एवढीशी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. माधवीने पाणी दिलं, चटई टाकली. पोरगी कुठे दिसेना.

"ती गावाला. आत्याबाईंकडे," माधवी म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, केसरबाई.

"अगं, आठ दिवस तरी थांबायचं होतंस! एवढ्याशा गोष्टीवरून..."

"एवढीशीच होती ताई. मला आधी वाटलं, यांनी जात बघितली. मग ध्यानात आलं, नवरा नाही हे बघितलं. मला तरी त्यात काय फरक?" ती शांतपणे बोलत होती. "हे गेले, त्याच्या चौथ्या दिवशी आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं मला टिकली लावली. म्हणाल्या, माझा लेक गेला, तुझं कपाळ कशाला जावं? माझ्या पोरीनं ते बघितलंय. तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

"मला वाटलं, तुला जड जाईल. बावीस वर्षं झाली बाई, मलाही कुणी..." ताई म्हणाल्या.

माधवीने पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाकडे नीट बघितलं.

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. पदर पसरते. पोरीला परत आण. तू बस तिच्याजवळ, आठ दिवस, महिनाभर बस."

"दुकानवाला कुठं बसू देतोय? दोन दिवसांची सुट्टी मिळाली होती, ती संपली." माधवीने रिकामा पेला उचलला. "आणि ती येईना. रोज फोनवर एकच विचारते, आई, तुला घेतलं का त्या शाळेत?"