माइकची पाठ

दुपारचं ऊन टेबलावरच्या माइकवर आलं की जाळीच्या आत रुपयाएवढी सोनेरी चकती चमकते. सोन्याचा मुलामा दिलेला तो पडदा इतका पातळ, की श्वासानंही थरथरतो. त्यामागच्या पत्र्याला भोकं अशी बेतून पाडलेली असतात, की समोरचा आवाज भरदार उमटावा आणि पाठीमागचा जवळजवळ पुसला जावा. पाठ कुठली, हे कळायला बाहेर बारीकशी खूण असते. ती न बघण्याइतका मी हुशार.

बायकोच्या, सुमनच्या, घशाच्या ऑपरेशनआधी तो आणला. त्यानंतर तिचा आवाज राहणार नव्हता. ती तासभर बोलली, गुणगुणली, मला यथेच्छ नावं ठेवून घेतली.

"अहो, नीट लावलाय ना?" तिनं मध्येच विचारलं.

"तू बोल गं, मला कळतं त्यातलं."

आता ऐकतो तेव्हा हे 'मला कळतं' खणखणीत येतं. माझं खाकरणं, चहा भुरकणं, सगळं कानाशी. सुमन मात्र दोन भिंतींपलीकडे. माइकचं तोंड माझ्याकडे होतं.

तिला ऐकवलं. तिनं पाटीवर लिहिलं, 'चहा फार सुरेल पिता हो तुम्ही!' आणि हसली. खांदे हलले, आवाज नाही.

चकतीला दोष काय द्यायचा? तिच्यासमोर जो होता, त्याचं तिनं ऐकलं.

रोज बटण पिळून आवाज वाढवतो. सुमन जराशी जवळ येते, शब्द कळेल असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच मी खोकतो.